टँगोची पेटी आणि वळिवड्याची छावणी

१९४२च्या उन्हाळ्यात मुंबईतल्या वांद्र्याला पोलंडमधली अनाथ मुले येऊन राहिली. सोव्हिएत मध्य आशियातल्या अश्गाबादहून ती निघाली, इराणातल्या मशहदमार्गे ट्रकमधून क्वेट्ट्याकडे आली आणि तिथून मुंबईत पोचली. पुढे जुलैत त्यांना जामनगरजवळच्या बालाचडीला नेण्यात आले. जामसाहेब दिग्विजयसिंहांनी त्यांना आपली मुले मानले, ही हकिगत आता बऱ्याच वाचकांना ठाऊक असते. मात्र अश्गाबादच्या अनाथालयात या मुलांना सांभाळणाऱ्यांमध्ये चाळिशीला टेकलेली, क्षयाने पोखरलेली एक बाई होती. तिच्याबद्दल आपल्याकडे सहसा वाचायला मिळत नाही. तिचे नाव हांका ऑर्डोनुव्ना. युद्धाआधी वॉर्सा शहरात तिच्याइतकी लाडकी गायिका क्वचितच दुसरी असेल. १९३३च्या एका हेरपटात तिने गायिलेला, ‘प्रेम तुला सारे क्षमा करील’ अशा अर्थाच्या नावाचा टँगो आजही पोलंडमध्ये म्हातारेकोतारे गुणगुणतात. शब्द युलियन तुविम या मोठ्या कवीचे, चाल हेन्रिक वार्सची.

म्हणजे युरोपातल्या युद्धाने उखडलेल्या माणसांची आणि टँगोची गाठ थेट महाराष्ट्राच्या दारात पडली होती. ती गाठ नेमकी कशी होती आणि पुढे तिचे काय झाले, याचा शोध मी गेली काही वर्षे बडनेऱ्यात बसून, जमेल तसा घेतो आहे. मला पोलिश येत नाही, स्पॅनिश येत नाही आणि टँगो नाचताही येत नाही. इंग्रजीतून वाचायचे, जुन्या तबकड्यांचे आवाज फोनवर ऐकायचे आणि नकाशा पसरून तारखा जुळवायच्या, एवढीच माझी साधने.

आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. टँगो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काळ्या कोटातला साहेब, झुंबर आणि चकचकीत लाकडी जमीन येते. टँगो तिथला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अर्जेंटिनाचे ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेचे माँटेव्हिडिओ या दोन बंदरांच्या गरीब वस्त्यांत तो जन्मला. इटली आणि स्पेनमधून पोटासाठी आलेले लाखो लोक, गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांची लेकरे आणि गावाकडून शहरात ढकलले गेलेले गुराखी या सगळ्यांची तिथे दाटी झाली होती. पुरुष फार आणि बायका थोड्या. कोणाचे मूळ ताल, कोणाच्या चाली, कोणाची घरची आठवण. तिथल्या प्रतिष्ठितांनी बरीच वर्षे त्याच्याकडे नाक मुरडूनच पाहिले. मग पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर पॅरिसला टँगोचे वेड लागले, आणि पॅरिसने उचलून धरल्यावर ब्युनोस आयर्सच्या शिष्टांनाही तो आपला वाटू लागला. लावणीचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. फडावरची लावणी माडीवरच्या लोकांना उघडपणे आवडायला लागली, त्यालाही आधी कोणाच्या तरी शिक्क्याची गरज पडलीच होती. असो.

या नृत्यसंगीताचा आत्मा ज्या वाद्यात आहे त्याची गोष्ट वऱ्हाडातल्या माणसाला विशेष जवळची वाटावी. बँडोनियन हे ते वाद्य. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावच्या हाइनरिश बांड याच्या नावावरून त्याला हे नाव पडले. काळ १८४०च्या दशकाचा. ज्या छोट्या वस्त्यांना चर्चमध्ये मोठा ऑर्गन बसवणे परवडत नव्हते, तिथे धार्मिक गाण्यांच्या साथीला ते वापरले जाई. त्याच दशकात, १८४२ साली, पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबाँ याने हार्मोनियमचे पेटंट घेतले. दोन्ही वाद्यांचे तत्त्व एकच आहे. भात्याने हवा ढकलायची, ती धातूच्या पातळ पट्टीवरून गेली की पट्टी थरथरते आणि सूर निघतो. जर्मन स्थलांतरितांनी आणि खलाशांनी एक भावंड दक्षिण अमेरिकेला नेले, आणि दुसरे मिशनऱ्यांच्या व साहेबांच्या सामानातून हिंदुस्थानात उतरले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास त्याचे पाय काढून ते हाताने भाता मारायचे केले, आणि त्याची पेटी झाली. मग ती नाटकात शिरली, कीर्तनात शिरली आणि आमच्याकडच्या प्रत्येक भजनी मंडळात जाऊन बसली.

भावंडांत फरक आहेच. पेटीवर एका हाताने भाता सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे पट्ट्यांवर. बँडोनियन मांडीवर घेऊन दोन्ही बाजूंनी ओढायचे-दाबायचे, आणि दोन्ही हातांची बोटे बटनांवर. त्यात पुन्हा एक अवघड गंमत अशी की, भाता ओढताना एक बटन जो सूर देते तो दाबताना देत नाही, दुसराच देते. म्हणजे चार मांडण्या पाठ करायच्या. वाद्य शिकणाऱ्याला रडवणारे, आणि वाजायला लागले की ऐकणाऱ्याला. आमच्या शेजारच्या गावातल्या एका जुन्या पेटीवाल्या बुवांना मी एकदा बँडोनियनचा तुकडा ऐकवला. डोळे मिटून त्यांनी तो पूर्ण ऐकला आणि म्हणाले, “हे त आपलीच पेटी होय भाऊ. फक्त इचं सासर लई दूरचं हाये.” मला वाटते, एवढ्या नेमकेपणाने मी कुठल्या ग्रंथात वाचले नाही. जाता जाता एक नोंद : आपल्याकडे पेटीला ‘परकी’ ठरवून सरकारी रेडिओने १९४०पासून १९७१पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. बँडोनियन मात्र जर्मन कारखान्यात तयार होऊनही अर्जेंटिनाने कधी परके मानले नाही. सॅक्सनीतल्या कार्ल्सफेल्ड गावच्या आल्फ्रेड आर्नोल्ड कारखान्याची ‘एए’ छापाची बँडोनियने तिथले वादक आजही जिवापाड जपतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तो कारखाना पूर्व जर्मनीच्या सरकारकडे गेला आणि तिथली परंपरा आटली.

आता वॉर्सा. टँगो तिथे रंगमंचावर आला तो १९१३ साली, पॅरिसच्या लाटेबरोबर. दोन महायुद्धांमधल्या वीस वर्षांत पोलिश भाषेत टँगोंचे पीकच आले. कॅबरे होते, बोलपट होते, ‘सिरेना रेकॉर्ड’ ही स्वदेशी तबकड्यांची कंपनी होती आणि चाली बांधणारे तरुण होते. या चाली बांधणाऱ्यांत बहुसंख्य ज्यू होते, ही गोष्ट पुढच्या कथेत फार महत्त्वाची आहे. अर्जेंटिनाच्या टँगोला बोचरी धार असते. पोलिश टँगो मंद, उदास आणि थोडा गोड. त्याची उदासी ज्यू वस्तीतल्या व्हायोलिनची आहे असे जाणकार म्हणतात, आणि कान देऊन ऐकले तर ते पटते.

येझी पेटर्सबुर्स्की हा या मंडळींतला मेरुमणी. १९२९ साली त्याने ‘टँगो मिलोंगा’ बांधला. जर्मन शब्द चढवल्यावर तो ‘ओ डोना क्लारा’ या नावाने साऱ्या युरोपभर वाजला. १९३५मध्ये त्याने ‘हा शेवटचा रविवार’ या अर्थाच्या नावाचा टँगो केला. ताटातुटीच्या त्या गाण्याला लोक ‘आत्महत्येचा टँगो’ म्हणू लागले. म्येचिस्वाव्ह फॉग या गायकाच्या आवाजात तो घरोघर पोचला, आणि दोनच वर्षांत नव्या रशियन शब्दांसह मॉस्कोतही. निकिता मिखाल्कोव्हच्या १९९४च्या ज्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले, त्याचे रशियन नाव याच रशियन गाण्यावरून घेतलेले आहे.

आणि मग सप्टेंबर १९३९. एक तारखेला पश्चिमेकडून जर्मनी पोलंडमध्ये घुसली, सतरा तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा. त्यानंतर या संगीतकारांचे काय झाले ते एकेकाचे नाव घेऊन पाहिले की अंगावर काटा येतो. पेटर्सबुर्स्कीचा चुलतभाऊ आर्टुर गोल्ड हाही टँगोचा नामवंत संगीतकार. त्याला ट्रेब्लिंका या मृत्युछावणीत नेले गेले, तिथे कैद्यांचा वाद्यवृंद उभा करायला लावले आणि १९४३मध्ये तो तिथेच मारला गेला. ‘डोना क्लारा’चे जर्मन शब्द लिहिणारा फ्रिट्झ ल्योनर-बेडा १९४२मध्ये आउश्वित्झला संपला. फॉग वाचला. त्याने वॉर्सात ज्यूंना आसरा दिला आणि १९४४च्या उठावात जखमी माणसांसमोर जाऊन तो गात राहिला. ल्वूव शहराजवळच्या यानोव्स्का छावणीत तर कैदी वादकांना इतरांच्या मृत्यूच्या वेळी टँगो वाजवायला भाग पाडले जाई. पाउल त्सेलानची ‘मृत्युफ्यूग’ ही जगप्रसिद्ध कविता वाचकांपैकी अनेकांना माहीत असेल. १९४७ साली रुमानियन भाषांतरात ती पहिल्यांदा छापली गेली, तेव्हा तिचे नाव ‘मृत्यूचा टँगो’ असे होते.

टँगोला आपण फार तर विरहाचे संगीत म्हणतो. त्या पाच-सहा वर्षांत त्याच्यावर काय काय लादले गेले हे कळल्यावर जुन्या तबकड्या मला पूर्वीसारख्या ऐकता येत नाहीत.

पेटर्सबुर्स्की आणि वार्स हे दोघे वाचले ते पूर्वेकडे पळाले म्हणून. सोव्हिएत ताब्यातल्या भागात त्यांनी वाद्यवृंद चालवले. तिथेच १९४०मध्ये पेटर्सबुर्स्कीने एका निळ्या रुमालावर वॉल्ट्झची चाल बांधली, आणि ती पुढे रशियन सैनिकांचे सर्वांत आवडते गाणे झाली. दरम्यान त्याच सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवले होते. जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यानंतर, ३० जुलै १९४१च्या सिकोर्स्की-मायस्की कराराने या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्सने त्यांच्यातून सैन्य उभे केले. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० माणसे इराणात उतरली. त्यांत सैनिक होते, तशा त्यांच्या बायका, मुले आणि म्हातारे आईबापही होते. सैन्याबरोबर त्याचे गायक-वादकही होते. पेटर्सबुर्स्की आणि वार्स दोघेही अँडर्सच्या छत्राखाली मध्यपूर्वेत पोचले.

इथे रस्ता दुभंगतो. सैनिक आणि त्यांचे संगीतकार पॅलेस्टाइन, इजिप्त आणि इटलीकडे गेले. मे १९४४मध्ये माँटे कसिनोचा मठ याच पोलिश सैन्याने घेतला. त्याच इटलीत दोन महिन्यांनी, १० जुलैला, मराठा लाइट इन्फंट्रीचा यशवंत घाडगे पडला आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसचा मानकरी झाला. सैनिकांच्या बायकामुलांची रवानगी मात्र आफ्रिका, मेक्सिको, न्यूझीलंड आणि हिंदुस्थानात झाली. १९४३च्या मध्याला सुमारे सातशे पोल लोकांना घेऊन ‘हर्मिटेज’ नावाचे जहाज मुंबईहून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला गेले. तिथून ती मंडळी मेक्सिकोतल्या सांता रोसाला पोचली. आणि त्याच जूनपासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला कराचीकडून लोक येऊ लागले.

वळिवड्याची छावणी म्हणजे माळावर उभे राहिलेले गावच होते. सुमारे पाच हजार वस्ती. ओळीने बांधलेल्या बराकी, चर्च, शाळा, दवाखाना, स्काउट, नाट्यमंडळी आणि सिनेमा दाखवण्याची सोय. खर्च लंडनमधल्या निर्वासित पोलिश सरकारच्या नावे पडत होता. आपल्याकडच्या लेखांत ‘कोल्हापूरने त्यांना पोसले’ असे सरसकट लिहिले जाते, ते भाबडेपणाचे आहे. कोल्हापूरने जागा दिली, माया दिली, बाजारपेठ दिली. तेवढेही थोडे नव्हे, त्यावर आणखी मुलामा कशाला हवा? काही मुलींनी इथल्या तरुणांशी लग्ने केली. पाच वर्षांत कित्येक पोलिश पोरे मराठी-हिंदी बोलू लागली.

मग एवढ्या माणसांमागून त्यांचे संगीत कोल्हापुरात का रुजले नाही? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याच वर्षांत कोल्हापूर हे चित्रपटाचे गाव होते. स्टुडिओ चालू होते. मास्टर विनायकांच्या कंपनीत काम करणारी, वडील नुकतेच गेलेली लता मंगेशकर नावाची किशोरवयीन मुलगी १९४५मध्ये मुंबईला जाईपर्यंत त्याच शहरात राहत होती. सात-आठ किलोमीटरवर वॉर्साच्या गाण्यांत वाढलेले लोक आणि इकडे गाण्यांचा कारखाना. तरी काही घडले नाही.

कारण मला असे दिसते. माणसे जातात तिथे त्यांचे संगीत आपोआप जात नाही. त्याला वाजवणारे हात लागतात, त्या हातांना मजुरी देणारी जागा लागते आणि विकत ऐकणारे लोक लागतात. वळिवड्यात होत्या त्या बहुतांशी खेड्यांतल्या, लहान शहरांतल्या बाया आणि त्यांची लेकरे. त्यांचे जोडीला नाचणारे पुरुष इटलीत लढत होते. टँगो हे जोडीचे नृत्य, आणि छावणीत जोडी मोडलेली होती. त्यातून छावणी म्हणजे परत जाण्याची वाट पाहण्याची जागा. तिथे माणूस प्रार्थना जपतो, सणाची गाणी जपतो, मुलांना राष्ट्रगीत शिकवतो. रात्रीच्या उपाहारगृहातली चाल तिथे जपली तरी मनातल्या मनात.

मुंबईत गोष्ट वेगळी होती. ताजमहाल हॉटेलात १९३९पासून पुढची सुमारे वीस वर्षे मिकी कोरिया या गोवेकराचा वाद्यवृंद वाजत होता. अशा बँडच्या रोजच्या वाजवण्यात फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो सगळे असे. दिवसा हेच गोवेकर वादक सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जात. पाश्चात्त्य नृत्यांचे ताल हिंदी चित्रपटगीतांत शिरले त्याचा हा राजमार्ग. त्यासाठी कोणी निर्वासित यावा लागला नाही. निर्वासितांतून मुंबईला खरोखर काही देऊन गेला तो वॉल्टर कॉफमन. तोही टँगोवाला नव्हे, शास्त्रशुद्ध संगीतकार. हिटलरच्या छायेतून निघालेला हा ज्यू माणूस १९३४ला मुंबईत आला, रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख झाला आणि १९४६मध्ये निघून गेला. आकाशवाणी सुरू होण्यापूर्वीची ती धून त्याची. नागपूर केंद्र लागायच्या आधी आमच्या अख्ख्या पिढीने ती रोज पहाटे ऐकली. चहाचे आधण ठेवायची खूण होती ती. निर्वासिताची रचना आहे हे माहीत असण्याचे काही कारणच नव्हते.

जिथे टँगोचे घर होते तिकडेही या लाटेतले लोक पोचलेच. नासेल्स्क या पोलिश गावात जन्मलेला शिम्शा बायूर हा ज्यू मुलगा युद्धापूर्वीच, १९३७मध्ये, अर्जेंटिनाला गेला होता. १९६०मध्ये आस्तोर पियाझोलाने आपले गाजलेले पंचक उभे केले तेव्हा त्यात व्हायोलिनवर तो होता. विटोल्ड गोंब्रोविच हा लेखक १९३९च्या ऑगस्टमध्ये जहाजाने सहलीला म्हणून ब्युनोस आयर्सला उतरला, मागे युद्ध पेटले आणि तो १९६३पर्यंत तिथेच अडकला. याल्टा परिषदेनंतर पोलंड सोव्हिएत गोटात गेल्यावर अँडर्सच्या हजारो सैनिकांना परतण्याची हिंमत झाली नाही. बरेच जण इंग्लंडला राहिले, काहींनी अर्जेंटिनाची वाट धरली. वार्स १९४७मध्ये अमेरिकेला गेला आणि नाव बदलून हॉलिवूडच्या चित्रपटांना संगीत देऊ लागला. आणि ‘शेवटचा रविवार’ लिहिणारा पेटर्सबुर्स्की १९४०च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण अमेरिकेला जाऊन ब्युनोस आयर्समध्ये स्थिरावला. पॅरिसहून वॉर्साला आलेल्या टँगोवर ज्याने नाव कमावले, तो निर्वासित होऊन टँगोच्या जन्मगावी पोचला. तिथे त्याच्या पोलिश टँगोंची कोणाला गरज असणार? तरीही संगीत हाच धंदा करत वीसेक वर्षे त्याने काढली. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो पोलंडला परतला आणि १९७९मध्ये वॉर्सात वारला.

हांका ऑर्डोनुव्नाला परतणे जमले नाही. जर्मनांचा तुरुंग आणि सोव्हिएतांची कैद दोन्ही भोगून झालेल्या तिच्या छातीत फारसे काही उरले नव्हते. लेबनॉनमधल्या बैरूतला तिने शेवटची वर्षे काढली. मुलांच्या त्या भटकंतीवर तिने पुस्तक लिहिले ते तिथेच, १९४८मध्ये छापले गेले. त्याच्यावर तिने स्वतःचे प्रसिद्ध नाव घातले नाही, वेरोनिका होर्ट असे टोपणनाव घेतले. ८ सप्टेंबर १९५० रोजी ती गेली. तिच्या अस्थी वॉर्साच्या पोवाँझ्की दफनभूमीत आणायला १९९० साल उजाडले.

वळिवड्याची छावणी १९४८च्या सुरुवातीला रिकामी झाली. बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत सिंध सोडून आलेल्या लोकांना त्या देण्यात आल्या आणि वस्तीचे नाव गांधीनगर पडले. आज ती कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. आमच्या अमरावतीत रामपुरी कॅम्प म्हणतात त्या सिंधी वस्तीच्या नावातला ‘कॅम्प’ही त्याच काळाची खूण आहे. तिथे आता पक्की घरे आणि दुकाने आहेत, तरी शब्द गेलेला नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे.  बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसले की गाडी न बदलता कोल्हापूर येते, आणि त्याआधी थोडेसेच वळिवडे स्टेशन लागते. खिडकीतून कापडाच्या गोदामांच्या पाट्या दिसतात.